फोनपुरता काढलेला एप्रन

घरून व्हिडिओ कॉल आला की अनघा आधी एप्रन काढते आणि हॉटेलच्या किचनमधल्या एकुलत्या पांढऱ्या भिंतीला टेकून हसते. मी शेजारी भांडी घासत असतो. नववीत शाळा सोडून मी या परक्या देशात आलो. माझे व्हिसाचे फॉर्म तीच भरते. ते उपकार कसे फेडू?

तिच्याकडे इंटरनॅशनल बिझनेसची पदवी आहे आणि पगार माझ्याइतकाच. त्यातला निम्मा शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता खातो. गावच्या चौकात मात्र तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून झळकतोय. तिला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाने माहितीपत्रकात पुढच्या पगाराचे आकडे रंगीत छापले, हप्त्याचा एकही नाही. शिकलेल्या माणसाला कोणी फसवू शकत नाही, असं मला वाटायचं. चीड येते ती याचीच.

काल तिचे बाबा म्हणाले, "साहेबीणबाई, धाकटीचंही कर्ज मंजूर होतंय बरं का! उद्या सही करतो."

ती नुसती हसली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "दादा, कसं सांगू त्यांना?"

मी ओल्या हातांनीच एप्रन उचलून तिच्यापुढे धरला.

"हा घाल आणि परत फोन लाव."