सेटरच्या नावावर पॉइंट नसतो

दत्तामामा गेल्याचं मला त्याच्याच फोनवरून कळलं. चाकणच्या हॉस्पिटलमधून त्याचा सुपरवायझर बोलत होता, "तुमचे मामा कंपनीत लाइनवर चक्कर येऊन पडले... संपलं सगळं. आणि एक सांगतो, ते आमच्या रोलवर नव्हते हां. कंत्राटदाराचा माणूस." मरणाची बातमी आणि हात झटकणं, एका दमात. पुढे त्याच कंपनीच्या गेटवर फ्लेक्स लागला: 'आमच्या संघाचा आधारस्तंभ'. त्याला आता महिना होत आला. फ्लेक्स उतरला, माझा संताप उतरला नाही.

मामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, परभणीकडून इकडे आला तो व्हॉलीबॉलच्या जोरावर. तो सेटर होता. पहिला खेळाडू समोरून आलेला बॉल उचलतो, सेटर तो बोटांवर घेऊन जाळीपाशी अलगद हवेत ठेवतो, तिसरा उडी मारून हाणतो. टाळ्या तिसऱ्याला. कंपनीने मामाला जर्सी स्वतःची दिली, गेटपास मात्र कंत्राटदाराचा. "चांगलं खेळ, पर्मनंट करू." साहेब बदलत गेले, हे वाक्य बदललं नाही. सकाळी सराव, मग शिफ्ट, चिखलीच्या दोन खोल्यांत मामी वाट बघत बसलेली... आणि दर मोसमात साहेब विचारणार, "याने पॉइंट किती मारले?" सेटरच्या नावावर पॉइंट नसतो, हे त्या एसी केबिनमध्ये एकालाही माहीत नव्हतं. मामाने ज्यांना बॉल दिले, ते एकेक करून पर्मनंट झाले.

एका वर्षी कंपन्यांच्या स्पर्धेत मामाचा संघ फायनलला पोचला, मी बघायला गेलो होतो. "एकच जागा उरलीय. आज स्वतः मारून दाखव," साहेबांनी आधीच बजावलं होतं. शेवटचा बॉल मामाच्या डोक्यावर आला. त्याने उडी घेतली, मारणार असं वाटलं... आणि वळूनही न बघता पाठीमागे, त्याच्यासारख्याच कंत्राटी समीरला दिला. समीरने हाणला. कप कंपनीला, नोकरी समीरला.

परतताना मी भडकलो, "मामा, वेडा आहेस का तू?"

"माझ्यापुढं जाळीपल्याड दोघं हात वर करून उभे. समीरपुढं कुणीच न्हाई. मग कुणाला द्यायचा, सांग की."

"आणि नोकरी?"

"त्येचा बॉलशी काय संबंध रे?" मग हळूच म्हणाला, "घरी मामीला तूच सांग. मला मारंल ती."

कंपनीतल्या शोकसभेत फायनलच्या वेळचे तेच साहेब म्हणाले, "दत्ता त्यागी होता." मी उठलो. "साहेब, त्याने त्याग केला नाही, तो नीट खेळला. हक्क तुम्ही मारलात." खुर्च्या सरकल्या, चहा फिरला, सभा संपली. त्याग हा शब्द फार सोयीचा आहे. लुबाडणाऱ्याने तो लुबाडलेल्याच्या फोटोला हार म्हणून घालायचा.

गेल्या रविवारी चिखलीच्या मैदानावर मामाच्या संघातली जुनी मंडळी जमली, मीही गेलो. मामाच्या जागी कुणी खेळायचं हे ठरवायचं कुणालाच सुचलं नाही, खेळ तसाच सुरू झाला. सर्व्हिस आली, पहिल्याने बॉल सुरेख उचलला, थेट जाळीपाशी, मामा उभा राहायचा तिथे. समीर सवयीने धावत आला, उडी मारली, हात मागे नेला... आणि तसाच रिकामा खाली आला. बॉल मातीत पडला.

"अरे राव, कुणीतरी जायचं ना!" मागून कुणी ओरडलं.

समीर जाळी धरून उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेलो नाही.