डायनिंग हॉलच्या भिंतीवरची अमेरिका

सुंदर चित्राचीही किळस येऊ शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. वाईट चित्राची येते, हे ठाऊक होतं. पेणमध्ये गणपती रंगवण्यात जन्म गेला, भडक गालांच्या कितीतरी मूर्ती माझ्या हाताखालून गेल्या. पण ती किळस हात धुतले की जाते. ही मात्र पोटात बसून राहिली आहे.

गणेशोत्सव झाला की आमच्या कारखान्यात सामसूम असते. त्या दिवसांत मी भिंती रंगवायची कामं घेते. शाळांच्या भिंती, वडखळच्या एका ढाब्याची भिंत, असं काय काय. मागच्या वर्षी असेच एक शेठ रामवाडीला घरी आले. मूळचे रोह्याचे, तिथल्या कंपन्यांना माणसं पुरवता पुरवता मोठे झालेले. कासूच्या पुढे खाडीच्या अंगाला त्यांनी हॉटेल बांधलं होतं. रिसॉर्ट म्हणायचं, हॉटेल म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं होई. अमेरिकेतल्या लेकीकडे जाऊन आले होते आणि तिने त्यांना म्युझियम दाखवलं होतं. तिथून आणलेलं उशीएवढं जाड पुस्तक त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन निसर्गचित्रं.

“डायनिंग हॉलची अख्खी भिंत. मला असंच पाहिजे मॅडम, फक्त आपली खाडी,” ते म्हणाले.

ती चित्रं मला नवी नव्हती. चित्रकलेच्या डिप्लोमाला असताना सरांनी स्लाइडवर दाखवली होती, आणि तेव्हा मी वेडी झाले होते त्यांच्यापायी. ढगांतून उतरणारं सोनेरी ऊन, आरशासारखं तळं, मागे बर्फाचे डोंगर, आणि कुठेही ब्रशचा फटकारा दिसत नाही. जणू माणसाचा हातच लागला नाही. सर सांगायचे, त्या काळी एकेक मोठं चित्र वेगळ्या खोलीत मांडत, बाजूंना पडदे सोडत, वरून दिवे लावत, आणि लोक तिकीट काढून रांगेने बघायला येत. आम्ही पेणची मुलं हसायचो. हा तर आपला गणपतीचा देखावा.

आता पुस्तक घरी ठेवून रोज चाळायला लागले तेव्हा वेगळंच दिसू लागलं. चित्रकार महिनोन्‌महिने रानात हिंडले, कागदावर झाडं-दगड टिपून आणले, हे खरं. पण मग शहरातल्या खोलीत बसून या ठिकाणचा डोंगर त्या ठिकाणच्या तळ्यामागे उभा केला. तेही चालेल, आम्ही काय कमी करतो? माझा घास अडकला तो माणसांपाशी. एवढी मोठी दरी, आणि तिच्यात माणूस एकतर नाहीच, नाहीतर चिंचोक्याएवढा. तो बहुतेक तिथला मूळचा माणूस, डोक्याला पीस लावलेला, आपल्याकडे पाठ करून मावळतीकडे बघत उभा. ज्या काळात त्या लोकांना त्यांच्या जमिनींवरून हाकलत होते, त्याच काळात त्यांना असं शोभेला उभं केलं. जमीन रिकामी, अस्पर्श, देवाने कालच करून ठेवलेली. पुढे तर काही ठिकाणी चित्रासारखं रान दिसावं म्हणून उरलेसुरलेही बाहेर काढले. आधी चित्र रिकामं केलं, मग जमीन. मी पुस्तक मिटलं आणि चहा प्यायले, तर तोही कडू लागला.

एवढं मनाला लागायचं कारण माझी थोरली बहीण. तिचं सासर त्याच खाडीकाठच्या गावात, शेठच्या हॉटेलच्या शेजारी. तिकडची भातशेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खोल. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून शेत आहे, नाहीतर समुद्र. तो बांध सगळ्या गावाचा. ओहोटीला पाणी उतरलं की घरटी एक माणूस जातो, रांग लागते, आणि चिखलाच्या ढेपा हातोहात बांधावर चढतात. याला तिकडे जोळ म्हणतात. शेठ यायच्या आधीच्याच श्रावणात उधाणाच्या पाण्याने बांध फुटला, मोठी खांड पडली आणि बहिणीच्या शेतात खारं पाणी भरलं. भावोजी रोह्याला कंपनीत शिफ्टला जाऊ लागले. बहीण मात्र खांडीवर डोळा ठेवून बसली होती.

घाई अशी की खाऱ्या पाण्याबरोबर तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, शेंगा येतात आणि चिखलात रुजतात. ही खारफुटी वाईट नाही, बांधाच्या बाहेर ती हवीच, तीच लाटा अडवते. पण आत शेतात रुजून एकदा उभी राहिली की तिला हात लावता येत नाही, कायदा आहे. मग ते शेत राहत नाही, जंगल होतं. म्हणजे रोपं मोठी व्हायच्या आत खांड बांधायला हवी होती. आणि बांधाला माती लागते ती बांधाशेजारचीच. लांबून आणलेला मुरूम पहिल्या भरतीत विरघळून जातो. खांडीशेजारची पट्टी शेठने विकत घेतली होती, शेतात उतरायची वाटही तिच्यावरूनच होती, आणि तिथे कुदळ मारायची नाही, पायही टाकायचा नाही असं त्यांच्या वॉचमनने गावाला बजावलं होतं.

“तू त्याच्याकडं कामाला हायस ना गो?” बहीण म्हणाली. “मग विचार त्याला. माती देतो का नाय ते एकदा सांगू दे.”

मी विचारलं. शेठ मला काचेच्या दारातून बाहेर डेकवर घेऊन गेले. समोर पाणीच पाणी, त्यावर ऊन.

“हे किती शांत आहे बघा,” ते म्हणाले. “गेस्ट याच्यासाठी येतात. बांध घातला तर इथे काय दिसणार, चिखल? बघू. आधी भिंत होऊ दे.”

ते पाणी म्हणजे माझ्या बहिणीचं शेत होतं. त्यांना ते ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी ब्रश उचलला आणि तोंड गोड ठेवलं.

भिंत चढत गेली तसे शेठ रोज एक वस्तू काढायला लावत. विजेचे खांब काढा. मिठागर काढा, पांढरं पांढरं बरं दिसत नाही. उघाडी काढा, पाणी सोडायचा तो दरवाजा त्यांना गटारासारखा वाटत होता. मग बांध. मग देवळाचा कळस आणि त्याच्यामागची घरं. मला शिसारी आली ती हे किती सोपं आहे याची. जरा पिवळसर धुकं फिरवलं की गाव जातं, आणि वर चित्र सुंदर दिसतं. खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होतं. मी घरी येऊन हात घासघासून धुवायची.

शेवटी शेठ म्हणाले, “आता एक माणूस टाका. पुस्तकात असतो तसा. स्केल कळायला पाहिजे.”

मी माझी बहीण टाकली. पोटरीभर पाण्यात उभी, हातात काही नाही. बोटाएवढी आकृती. आणि मग माझा हात सवयीने जायचा तिथे गेला. आमच्या धंद्यात सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे. डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही, आणि झाल्यावर तिच्यावर पुन्हा ब्रश फिरवत नाहीत. वर्षानुवर्षं मी तेवढंच करत आले. तिला मी समोर तोंड करून उभं केलं होतं, बारीक केसाच्या ब्रशने दोन डोळे आखले, आणि काम संपलं म्हणून खाली उतरले.

शेठ आले, लांब उभे राहिले, जवळ आले.

“ही आपल्याकडे बघते कशाला?”

“उभी आहे, बघणारच.”

“लोक इथे जेवणार मॅडम. घास घेताना कोण तरी बघतंय असं वाटायला नको. तिला फिरवा.”

“डोळे आखलेत शेठ. आखल्यावर आम्ही पुसत नाही.”

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग कळलं की नाही करत. दुसऱ्या दिवशी रोह्याहून एक पेंटर आला, आणि त्याने अर्ध्या तासात माझ्या बहिणीचं तोंड फिरवून पाठ केली. वर डोक्यावर एक हंडा पण ठेवला. खाऱ्या पाण्यात हंडा घेऊन ही बाई काय भरायला निघाली होती, ते त्यालाच माहीत. मला त्या हॉलमध्ये उभं राहवेना. पण खरी भीती वेगळीच होती. माझ्या एका हट्टापायी माती गेली, असं मला वाटलं.

तसं झालं नाही, त्याहून घाण झालं. शेठना भिंतीवरून कल्पना सुचली होती. त्यांनी मला बोलावून सांगितलं, रोज संध्याकाळी सूर्य बुडताना समोरून एक होडी गेली पाहिजे. त्यात एक बाई, इकडची, नऊवारीत. बोलायचं नाही, डेककडे बघायचं नाही, हळूहळू जायचं. “तुमच्या ताईच करतील की. होळीपर्यंत सीझन आहे. होळी झाली की घ्या माती, पाहिजे तेवढी.”

म्हणजे भिंतीवरचा चिंचोका कमी पडला म्हणून जिवंत चिंचोका हवा होता. मी तिथून सरळ निघाले, थांबले असते तर शिव्याच दिल्या असत्या. बहिणीला सांगितलं तेही अशा थाटात की आता ही थुंकेल आणि विषय संपेल.

तिने उलट विचारलं, “होडी त्याची का आपली?”

“त्याची. पण तू जाणार आहेस?”

“व्हय.”

“ताई, तुला शोभेची बाहुली करून फिरवणार तो. तुझ्याच शेतावर.”

“मग काय दुसऱ्याच्या शेतावर फिरू?”

“आणि होळीपर्यंत तिवर किती वाढेल? तो मुद्दाम उशीर करतोय, कळत नाही तुला?”

“कळतं गो. सगळं कळतं. तू तुझ्या भिंती बघ.”

मला तिचाही राग आला. शेठची किळस येणं सोपं होतं. आपल्या माणसाची येणं सोपं नव्हतं. नऊवारी नेसून, हॉटेलच्या होडीत, पाहुण्यांच्या चहाच्या वेळेला. आमची आई मिठागरात राबली, पण कुणाच्या चहासाठी नाही राबली. मी बहिणीला फोन करणं बंद केलं. तिनेही केला नाही.

मग भिंतीला लोणा लागला. खाडीकाठचं बांधकाम, खारी हवा. चित्राच्या खालच्या बाजूने पांढरी पूड फुटून सोनेरी पाण्याचे पोपडे पडू लागले. शेठनी मलाच बोलावलं, कारण रोह्याच्या पेंटरला तो रंग जमत नव्हता. मी खरवडून, अस्तर लावून ठेवलं तोवर संध्याकाळ झाली. निघणार तेवढ्यात डेकवर गलका झाला आणि मी नको नको म्हणत बाहेर गेले.

पाहुणे फोन वर धरून उभे होते. होडी येत होती. बहीण एका हाताने बांबू टेकत होती, आमच्याकडे न बघता. मध्येच थांबली, वाकली, दुसरा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, सरळ झाली. पुन्हा दोन हात पुढे गेली, पुन्हा वाकली. लावणीला बायका वाकतात तशी. पाठीमागे सूर्य. फोन खटाखट वाजत होते.

“फुलं काढतेय का ती?” एका बाईंनी विचारलं.

“मासे,” शेठ म्हणाले. “पारंपरिक पद्धत आहे.”

मी कठड्यापाशी गेले. होडी वळली तेव्हा तिच्या तळाशी पसरलेलं पोतं दिसलं, आणि पोत्यावर हिरव्या काड्या. शेंड्याला दोन-दोन पानं, बुडाला चिखल लागलेली मुळं. तिवराची रोपं. ती तिचं शेत निंदत होती. वॉचमनच्या समोर, शेठच्या होडीतून, सगळ्यांनी फोटो काढत असताना, जिथे पायी जायला तिला बंदी होती तिथे रोज संध्याकाळी जाऊन.

मग मी पाण्याकडे नीट बघितलं. सगळीकडे बारीक हिरवे शेंडे वर आले होते. एक चौकोन तेवढा स्वच्छ होता, आणि तो कुणाचा ते मला सांगायला नको होतं. त्याच्या डावीकडे तिच्या जावेचं शेत, तिथे पानं दाट होत चालली होती. होळीला अजून वेळ होता.

“तुमची ताई एकदम नॅचरल करते,” शेठ माझ्याशेजारी येऊन म्हणाले. “ते वाकणं लोकांना फार आवडतं. तिला सांगा, उद्यापासून अजून थोडा वेळ थांबत जा.”

“सांगते,” मी म्हटलं. “पण तेवढ्याच तुकड्यात किती फिरणार? त्या डावीकडच्या बाजूलाही जाऊ दे का?”

शेठनी पाण्यावरून हात फिरवला. “कुठेही जाऊ दे. सगळं मोकळंच तर आहे.”

मी गेटबाहेर आले आणि बहिणीला फोन लावला.