मामांच्या यकृतातला घड

दुर्मीळ आजार माणसाला नम्र करतो. माझ्या मामांना तो झाला, तेव्हा पुढचे वर्षभर पिंपळगावात इतर कोणाच्याही दुखण्याला त्यांनी डोके वर काढू दिले नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकला त्यांच्या यकृतातली हायडॅटिडची गाठ काढली. ही गाठ म्हणजे एका जंतामुळे होणारी, पाण्याने भरलेली पिशवी आणि तिच्या पोटात आणखी लहान पिशव्या. त्यातल्या काही मामांनी बरणीत मागून घेतल्या आणि टीव्हीशेजारी मांडल्या. सर्जनने नंतर घ्यायला गोळ्या दिल्या होत्या. पण अख्खा आजार समोर बरणीत दिसत असताना गोळ्या कशाला, असा मामांचा सवाल होता. आठवड्याभरात त्यांनी त्या सोडल्या.

पाच-सहा वर्षांनी गाठ परत आली.

या वेळचे सर्जन ‘संयुक्त उपचारपद्धती’ हे शब्द सत्काराला उत्तर देत असल्यासारखे उच्चारत. आधी गोळ्या, मग ऑपरेशन, मग पुन्हा कित्येक महिने गोळ्या. तिसऱ्यांदा गाठ आली तर ऑपरेशन करता येईलच असे नाही, हे मात्र त्यांनी साध्या मराठीत सांगितले. मामांनी मान डोलावली. ते मान डोलावणे मामी ओळखून होत्या.

ऑपरेशन झाल्यावर, काढलेले दाखवायच्या रिवाजाप्रमाणे, डॉक्टर स्टीलचा ट्रे घेऊन दाराशी आले. आत पांढुरक्या मण्यांचा ढीग. मामींचा जन्म द्राक्षबागेत गेलेला. त्यांनी वाकून पाहिले.

“बिनबियांचे हायेत का?”

“नाही हो. प्रत्येकात बी आहे. एखादा मणी पोटात फुटला की तिथे पुन्हा उगवतो. गोळ्या त्यासाठीच.”

“मग छाटणीनंतर फवारणी, असं सांगा ना! एवढं संयुक्त कशाला?”

डॉक्टरांनी ट्रे सावरला.

घरी आल्यावर मामींनी गोळ्या बागेच्या फवारणीच्या वहीत लिहिल्या. चार आठवडे रोज दोन, मग दोन आठवडे खाडा, मग पुन्हा तेच.

“मी काय बाग हाये का?” मामा कुरकुरले.

“बाग ऐकती तरी,” म्हणत मामींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

एकही गोळी चुकली नाही. पुढे दर वर्षी सोनोग्राफी स्वच्छ निघाली. आता मामा पाहुण्यांना गोळ्यांचे माहात्म्य सांगू लागले. एवढ्या दुर्मीळ आजारावरचे औषध म्हणजे तेही तसेच असणार, हा त्यांचा सूर. मामी मध्ये बोलत नसत. वर्षातून दोनदा त्या शेळ्यांना जंतांसाठी जे पाजत, ते हेच औषध होते.