तीन एकरांतला व्हायब्राफोन

आमच्या तीन एकर धानाचं गेल्या वर्षी मी जॅझ वाजवून नुकसान केलं.

मी तिरोड्यात शाळामास्तर. तीन वर्षांपूर्वी नागपूरहून एक जुना व्हायब्राफोन आणला. (खाटेएवढं वाद्य. वर धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या, पायाशी पेडल. दोन हातांत चार काठ्या धरायच्या आणि कोणती कुठे पडेल या धास्तीत जगायचं!) घरी सराव सुरू केला तर शेजारीण विचारायची, "गुरुजी, रोज भांडेच घासून राहिले का जी?" शेवटी बायकोने वाद्यासकट माझी रवानगी शेतावरच्या झोपडीत केली.

शेत पाहतो माझा मोठा भाऊ, दादा. मी पोचलो तो नेमका रोवणीचा, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायचा दिवस. चोरखमारा तलावाच्या कालव्याचं पाणी संध्याकाळपर्यंतच आमचं, आणि रोवणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला कबूल झालेल्या. आज राहिलं ते राहिलंच! रोपं पिवळी पडायला आली होती. दादाही.

"दादा, मी वाजवू का?" मी भीत भीत विचारलं.

"वाजव. पण कामात आडवा येऊ नको."

मी झोपडीच्या दारात वाद्य मांडून एक संथ चाल धरली. (दुसरी येत नव्हती.) अर्ध्या तासाने बाहेर पाहिलं आणि घाम फुटला. बारा बाया एकेक रोप रोवत होत्या, थांबत होत्या, मान डोलवत होत्या, मग दुसरं!

दादा बांधावरून ओरडला, "सुमनबाई, गाणं काऊन बंद केलं?"

सुमनबाई म्हणजे रोवणीची गाणी सांगणारी. आमच्याकडे रोवणीचा हात गाण्यावर चालतो.

"गुरुजी वाजवून राहिले ना जी! त्यायच्यावर आवाज काढणं बरं दिसते का?"

मी काठ्या आवरल्या. "दादा, मी बंद करतो!"

"नाही जी! आत्ता तं हात बसला!" बाया एका सुरात म्हणाल्या.

दादाने सूर्याकडे पाहिलं. "बंद नको करू. फास्ट वाजव!"

"मले फास्ट नाही येत!"

"मंग दोन वर्षं काय करून राहिला होता?"

हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी दोन वर्षं गिळून ठेवला होता. मी पुन्हा सुरू केलं. जॅझमध्ये ऐन वेळी नवं सुचेल ते वाजवायचं असतं. मला भीतीपोटी काही सुचेना. एक आठ मात्रांचा तुकडा येत होता, तोच गरागरा फिरवत राहिलो. पण बायांचे हात झपाझप चालायला लागले! दादा चक्क हसला.

तेवढ्यात सुमनबाई म्हणाली, "गुरुजी, थेच थेच काऊन वाजवून राहिले? पुढचं नाही येत का जी?"

लागलं मनाला! मी पुढचं वाजवायला गेलो. दोन काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि एक उडून थेट चिखलात! सगळे हात थांबले. बारा बाया हातात रोपं धरून माझ्याकडे बघत सवयीने मागे सरकत राहिल्या.

"वाजव ना बे!" दादा किंचाळला.

उरलेल्या तीन काठ्यांवर मी संध्याकाळपर्यंत वाजवलं. हाताला फोड आले, पाठ गेली, पण दिवस बुडायच्या आत रोवणी संपली! दादाने पाठ थोपटली. मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो.

धान वाढल्यावर उलगडा झाला. माझा ठोका चुकला की बायांचा हात थांबायचा, पण मागे सरकणारे पाय थांबत नव्हते. तेवढी जागा रिकामी! दादा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बांधावर न्यायचा. "हे दाट दिसते ना, इथं आमचा भाऊ बरा वाजवून राहिला होता. अन् हे टक्कल दिसते ना, इथं काठी उडाली."

जॅझमधली चूक क्षणात हवेत विरून जाते, तिला भ्यायचं नाही, असं मी शिकलो होतो. माझ्या सगळ्या चुका कापणीपर्यंत उभ्या होत्या!