मोठा आकडा

पेन्शनचा कागद पोस्टाने आला त्याच दिवशी तुळसाबाईंनी तो लॅमिनेट करून आणला. सरकारी कागदाला पाणी लागू नये, वाळवी लागू नये म्हणून त्यांच्या घरी जातीच्या दाखल्यापासून सगळंच प्लास्टिकमध्ये होतं. वाचायचं तेवढं राहून गेलं.

नवरा आनंदराव सरकारी ड्रायव्हर. तो नोकरीत असतानाच गेला आणि तुळसाबाई त्याच कार्यालयात अनुकंपा तत्त्वावर परिचर म्हणून लागल्या. सोळा वर्षं दरमहा पगारातून कापलेल्या पैशातले साठ टक्के निवृत्तीला हातात आले. उरलेल्या चाळीस टक्क्यांवर विमा कंपनी पेन्शन देणार होती. ती कोणत्या प्रकारची घ्यायची, हे कार्यालयातले हेडक्लार्क, बडेबाबू प्रेमानंद यांनी ठरवलं. तिथे सगळ्यांचं तेच ठरवत.

"ज्याच्यात आकडा मोठा, त्याच्यावर टिक करा, बाई. चार हजार चारशे. लोक विचारतीन ना, किती लागली म्हणून."

लोक विचारतच. कागद आल्यापासून एकोणतिसाव्या दिवशी शेजारची नंदिनीही तेवढंच बघायला आली. ती शाळेत शिकवते, तिला खालपर्यंत वाचायची सवय.

"मावशी, याच्यात तुमच्यामागं रोशनीले काहीच नाही. पेन्शन बंद, मुद्दलही कंपनीचं."

मुलगी रोशनी आत तांदूळ निवडत होती. चौतीस वर्षांची, पण फिट कधी येईल याचा नेम नाही. गॅसजवळ तिला एकटीला सोडता येत नाही. नंदिनीने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत परत करता येतो, हेही त्यावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचं रामदासपेठेतलं ऑफिस उघडायच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या. काउंटरवरच्या मुलीच्या गळ्यातल्या पट्टीवर मिनल असं नाव होतं. तिने कागदावर नख मारून पाहिलं.

"काकू, ओरिजिनल द्या ना."

"हेच तं ओरिजिनल हाय."

"मग लॅमिनेट काहून केलं? याच्यावर शिक्का नाही बसत. थांबा, मॅडमले विचारून येतो."

ती आत गेली. तुळसाबाईंनी कागद ओढून घेतला आणि प्लास्टिकचा कोपरा सोलू लागल्या. प्लास्टिकबरोबर कागदाचाही पापुद्रा निघाला. त्यांनी हात मागे घेतला, तो कोपरा पंजाखाली झाकला आणि तशाच बसून राहिल्या.

मिनल परत आली. "परत करायच्या अर्जावर शिक्का मारून देतो. कागद असाच जोडून वर पाठवतो, पुढं ते पाहतीन, पंधरा दिवसात उत्तर येते. मुद्दल पोरीले भेटते अशी दुसरी पेन्शन घ्याल, तं महिन्याले साडेतीन हजारच येतीन. मंजूर?"

"मंजूर." तुळसाबाईंनी सही केली. मग खालच्या आवाजात विचारलं, "बाई, तुमचं उत्तर याच्या आधीच मी मेली तं?"

मिनलचा हात शिक्क्यावर थांबला. "असं काहून बोलता, काकू? पंधरा दिवसाची तं गोष्ट हाय."

"पण मेली तं?"

"मले नाही माहीत," मिनल म्हणाली आणि शिक्का मारला.

तुळसाबाई बाहेर आल्या. रस्त्यापलीकडे ऑटो उभे होते. सिग्नल लाल झाला, गाड्या थांबल्या, लोक भराभर ओलांडून गेले. एक पोरगी म्हणाली, "चला ना, आजी, रस्ता मोकळा हाय."

"तू जाय, बाई," तुळसाबाई म्हणाल्या आणि दुभाजकाच्या टोकाला वळसा घालून येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलकडे बघत विजेच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.