ठिपक्यांचा शंख आणि शंभर अंक

निवृत्तीनंतर माझ्या थोरल्या बहिणीने शिंपल्यांच्या फोटोफ्रेम आणि समुद्रशेवाळाची भेटकार्डं करायला घेतली. ओलं शेवाळ परातीतल्या पाण्यात पसरायचं, खालून जाड कागद सरकवून अलगद उचलायचं. छंद निरुपद्रवी होता. नियमावली तशी नव्हती.

दिवेआगरला निघण्यापूर्वी ताईने बिबवेवाडीच्या घरात रीतसर बैठक घेतली. उपस्थिती : मी. समुद्राने स्वतः किनाऱ्यावर टाकलंय तेवढंच घ्यायचं. खडकावरचं शेवाळ उपटायचं नाही. माणशी एक ओंजळ. आणि प्रत्येक शंख वाळूवर ठेवून शंभर अंक मोजायचे, कारण रिकाम्या शंखात छोटे खेकडे बिऱ्हाड करतात. आत कोणी असलं तर तेवढ्यात चालू लागतं.

"बेल वाजवली तर नाही चालणार?" मी विचारलं.

"चेष्टा नंतर कर. आधी पाठ कर."

किनाऱ्यावर पहिल्या तीन शंखांपुढे मी उकिडवा बसून इमानदारीत शंभर मोजले. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. चौथा शंख तपकिरी ठिपक्यांचा, सगळ्यांत देखणा. त्याला मी विसावरच पास केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी ताईने शंख साफ करायला गॅसवर पाणी उकळत ठेवलं होतं. वर्तमानपत्रावर मांडलेल्या शंखांपैकी ठिपक्यांचा तेवढा राशिभविष्यावरून निघून छोट्या जाहिरातींपर्यंत पोचला होता. खाली काडीएवढे पाय दिसत होते.

ताईने गॅस बंद केला. "किती मोजलेस?"

"बरेच."

"किती?"

"वीस."

कार्डांसाठी आणलेलं सगळं ओलं शेवाळ तिने डब्यात भरलं, मधोमध शंख ठेवला आणि झाकणाला भोकं पाडली.

"नळाच्या पाण्यात मरेल तो. उद्यापर्यंतही टिकायचा नाही. स्वारगेटला जा, मिळेल ती गाडी पकड."

"एका खेकड्यासाठी परत कोकणात?"

"तो हौसेने नव्हता आला पुण्याला."

एसटीत शेजारच्या काकांनी डब्यात काय आहे म्हणून विचारलं. खरं सांगितलं. पुढचा सगळा घाट ते खिडकीबाहेर बघत होते.

किनाऱ्यावर पोचेपर्यंत दुपार कलली होती. शंख ओल्या वाळूवर ठेवला. हालचाल शून्य. एक शहाळीवाला जवळ आला.

"काय शोधताय?"

"शोधत नाही. ठेवतोय."

"पुण्याचे का?"

"हो."

एवढं उत्तर त्याला पुरलं. तोही शेजारी बसला. बऱ्याच वेळाने शंख किंचित कलला, पाय बाहेर आले आणि पहिल्याच लाटेत ठिपके दिसेनासे झाले.

मी ताईला फोन केला. "पाण्यात गेला. स्वतःच्या पायांनी."

"बरं," ती म्हणाली. "आता तू काहीतरी खाऊन घे."