पत्रात नसलेली अट

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आईला तर नाहीच — आयुष्यभर लोकांची धुणीभांडी करून तिने माझा पदवीचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलाय. तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. तो लपवत नाही. लपवलंय ते दुसरंच.

डोंबिवलीत आमच्या चाळीमागून केमिकल कंपन्यांचा नाला जातो. वासाने पोरं खोकत असतात. चाळ, जुनं गाव आणि पलीकडच्या सोसायट्या कधी एकत्र बसल्या नव्हत्या — त्यांना एका सतरंजीवर आणलं कमळमावशीने. ती तिन्हीकडे पोळ्या करायला जायची. कुणाच्या घरात कोण आजारी, तिला पाठ. शाळेत मात्र ती कधी गेली नव्हती. त्यातून नाल्याविरुद्ध समिती झाली, तिची पत्रं मी लिहायचे. "आमच्या म्याडमना विचारा," ती सगळ्यांना सांगायची. चेष्टेने? नाही, कौतुकाने. ते मला तेव्हाही कळत होतं.

मग ठाण्याच्या एका संस्थेचं इंग्रजी पत्र आलं. समाजात काम करणाऱ्यांसाठी सहा शनिवार नेतृत्वाचं प्रशिक्षण, प्रत्येक समितीतून एकच जण. पुढे प्रदूषण मंडळापुढे नाल्याच्या सुनावणीत त्यानेच बोलायचं, असं आमचं ठरलं. सगळ्यांनी कमळमावशीकडे बघितलं. पत्र माझ्या हातात होतं. मी ते मराठीत सांगत होते, आणि — किती वेळ लागला असेल? एक श्वास? — मी म्हटलं, "उमेदवार पदवीधर पाहिजे."

पत्रात लिहिलं होतं, शिक्षणाची अट नाही.

मावशी हसली. "मग तूच जा गं बाये. आमची अक्कल पोळपाटापुरती."

गेले. गटचर्चा, तक्ते, सगळ्यांना सोबत कसं न्यायचं — सगळं शिकले. सर्टिफिकेट मिळालं. कल्याणला सुनावणीत साहेबांनी एकच विचारलं, वास नेमका कधी वाढतो? मी म्हटलं, "रोजच असतो, सर." त्यांनी फाईल मिटली.

मागच्या बाकावर मावशी होती. मंगळवारी आणि शुक्रवारी, पाणी भरायच्या वेळेला — हे तिला माहीत होतं. मी वळून बघितलं. ती उठली नाही. कशी उठेल? बोलायला पदवी लागते, हे मीच तिला सांगितलेलं.

हळूहळू गाववाले यायचे थांबले, मग सोसायटीवाले. समिती आता नाही. वास आहे.

गेल्या महिन्यात मावशीची नात कॉलेज सोडते म्हणत होती. मावशी तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. "हिला सांग गं, शिकलं नाही की माणसाला कसं तोंड मिटून बसावं लागतं."

मी सांगितलं. चांगलं अर्धा तास, समजावून सांगितलं.